सरोवरात बुडालेली हद्द

मित्रांनो, माझे नाव प्लॅनिमीटर. ऐकले नसेल तर लाजू नका, तुमच्या आईवडिलांनीही बहुधा ऐकलेले नसेल. मी पन्नाशी उलटलेला, पितळी हातांचा एक म्हातारा मोजणीदार आहे. एका हाताने मी टेबलावर घट्ट टेकतो. दुसऱ्या हाताच्या टोकाला एक सुई आहे, ती माणसाने नकाशावरच्या हद्दीवरून फिरवायची. माझ्या पोटाशी एक छोटे चाक आहे. सुई पूर्ण हद्द फिरून निघालेल्या जागी परत आली, की चाक किती फिरले ते वाचायचे आणि हद्दीच्या आत किती जमीन आहे ते काढायचे. हे कसे होते ते विचारू नका. त्यामागचे गणित फार सुंदर आहे, पण ते सांगत बसलो तर माझी गोष्ट राहून जाईल.

माझा जन्म रुरकीच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझे चाक तळहातावर धरून फुंकर मारली, ते किती वेळ फिरते ते पाहिले, नाक मुरडले आणि पुन्हा घासायला घेतले. असे अकरा वेळा झाले. बाराव्या वेळी नाक न मुरडता त्याने मला निळ्या मखमलीच्या डबीत ठेवले. तेव्हापासून मला माझ्या चाकाचा जरा गर्व आहे, हे मी कबूल करतो.

डबीतून बाहेर आलो तो थेट नाशिकच्या भूमी अभिलेख कार्यालयात. तिथे मी ज्यांच्या हाती पडलो ते भूकरमापक होते, म्हणजे सरकारी मोजणीदार. सारे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांनी मला तीस वर्षे वापरले, पण एकदाही चहाचा कप माझ्या जवळ येऊ दिला नाही. काम झाले की मऊ मलमलीच्या फडक्याने पुसून ते मला स्वतः डबीत ठेवत, शिपायाला हात लावू देत नसत. त्यांची मोजणीची पद्धत ठरलेली होती. एकदा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायचे, मग उलट दिशेने फिरवायचे. दोन्ही आकडे जुळले तरच कागदावर लिहायचे. दुसऱ्याने केलेल्या नकाशावर सही करायची वेळ आली, तर त्यातला एखादा तुकडा आधी स्वतः मोजून बघायचा. "सही माझी, मग हातही माझाच लागला पाहिजे," असे ते म्हणत. एकदा दोन गावांच्या शिवेचा वाद आमच्या मोजणीने मिटला, तेव्हा वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर मला हातात घेऊन पाहिले होते. त्या दिवशी माझी छाती फुगली होती, मला छाती नसली तरी.

मग कार्यालयात संगणक आले. त्यांचे लाड सुरू झाले आणि मी लोखंडी कपाटात गेलो. माझ्या डोक्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे आले. एका पावसाळ्यात माझ्या पोलादी सुईवर गंजाचा एक ठिपकाही उठला. मी आत पडून बाहेरचे आवाज ऐकत असे आणि मनात चरफडत असे. आप्पा निवृत्त झाले तेव्हा मी भंगाराच्या यादीत होतो. त्यांनी साहेबांना अर्ज करून मला मागून घेतले. निरोपसमारंभात मिळालेली शाल त्यांनी कुणालातरी देऊन टाकली, पण मला घरी नेले. पुढे त्यांची मुलगी मृणालिनी नोकरीसाठी कतारला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या पिशवीत घातले.

मृणालिनी नकाशे करते. तिचे ऑफिस दोह्याच्या अल मुंतझा भागात, तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे नकाशे पडद्यावरच होतात. क्षेत्रफळ काढायला एक बटण पुरते. साहजिकच माझी जागा तिच्या खणात, स्टेपलर आणि औषधाच्या गोळ्यांच्या शेजारी. सारे मला 'म्युझियम' म्हणतात. पण मृणालिनी आप्पांची मुलगी आहे. कुठल्याही नकाशावर सही करण्याआधी ती त्याचा छापील कागद काढते, मला बाहेर घेते आणि एक तुकडा हाताने मोजते. दहा वर्षांत माझा आणि संगणकाचा आकडा नेहमी जुळत आला. त्यामुळे मोजणी हा नुसता रिवाज होऊन बसला होता. देवाला नमस्कार करून घराबाहेर पडावे, तसा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अमेरिकेत मोठ्या सरोवरांच्या काठाने एक मुलूख पसरलेला आहे. तिथे एके काळी पोलादाच्या भट्ट्या धडधडत होत्या, मोटारींचे कारखाने चालत होते. पुढे ते एकामागून एक बंद पडले. शेडची दारे गंजली, माणसे गावे सोडून गेली. त्या मुलखाला गंजपट्टा म्हणतात. नाव ऐकताच मला तो आपलासा वाटला. गंमत अशी की हा पट्टा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावर दोन जाणकारांचे एकमत होत नाही. त्यातली काही गावे अजून खचत आहेत, काही पुन्हा उभी राहत आहेत.

दोह्यातली एक कंपनी पंप आणि व्हॉल्व्ह बनवते. तिला त्या मुलखातल्या बंद शेडमध्ये यंत्रे बसवून तिथल्याच माणसांना काम द्यायचे होते. पण कुठे? तर जे जिल्हे सावरू लागले आहेत तिथे. ते शोधून त्यांच्याभोवती हिरवी रेषा आखायचे काम मृणालिनीच्या ऑफिसकडे आले. नियम सोपा होता. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात किती माणसे कारखान्यांत कामावर परतली ते घ्यायचे आणि त्याला जिल्ह्याच्या क्षेत्रफळाने भागायचे. ठरलेल्या आकड्याच्या वर आला तो जिल्हा रेषेच्या आत, खाली राहिला तो बाहेर.

या कामावर मृणालिनीचे सगळे अवलंबून होते. गिरीश सरांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, आधीच सांगून ठेवले होते, "यंदा माणसं कमी करणार आहेत, मृणालिनी. हा नकाशा बिनतक्रार गेला तर तुझं कॉन्ट्रॅक्ट मी रिन्यू करून घेईन. नाही गेला तर माझ्या हातात काही नाही." कतारमध्ये नोकरी गेली की राहण्याचा परवानाही जातो. मृणालिनीची मुलगी नुपूर दहावीला होती आणि तिच्याच परवान्यावर इथे राहत होती. नुपूरचे बाबा नाशिकला असतात. म्हणजे नकाशा अडला, तर ऐन परीक्षेच्या वर्षी मुलीला शाळा सोडून जावे लागले असते. हे मृणालिनी कुणाला बोलून दाखवत नसे, पण खण उघडताना तिचा हात हल्ली जरा जोरात पडायचा.

आणि याच सुमाराला मी पडलो.

झाले असे, की मृणालिनीने मला साफ करायला अल अझीझिया भागातल्या घरी नेले होते. शनिवारी नुपूरने मैत्रिणीला फोनवर दाखवण्यासाठी डबी उघडली. मी तिच्या हातातून निसटलो आणि फरशीवर आदळलो. चाकापासून खांद्यापर्यंत एक कळ गेली. नुपूरने मला उचलले, उलटसुलट करून पाहिले, डबीत ठेवले आणि झाकण लावले. ती कुणाला काही बोलली नाही. माझे चाक वाकले का, ते मला कळेना. मित्रांनो, जगातल्या कुठल्याही आकाराचे माप मला काढता येते, पण स्वतःचे येत नाही. दोन आठवडे मी डबीत धास्तावून पडून होतो.

बुधवारी दुपारी नकाशा पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कंपनीच्या लोकांसमोर तो ठेवायचा होता आणि तिथल्या तिथे ते गावे निवडणार होते. हाफिजने मोठ्या प्रिंटरवर सगळे कागद छापून आणले. हाफिज रत्नागिरीचा, छपाईचे सगळे काम तोच बघतो.

"घ्या ताई, आता मारा सही," तो म्हणाला. "नि तुमचं म्युझियम काढा लवकर, मला प्लास्टिक लावायचंय कागदाला."

मृणालिनीने मोजायला पोर्ट डेलन नावाच्या गावाचा जिल्हा निवडला. तो निवडण्यामागे कारण होते. सरोवराकाठच्या त्या गावात जुना ओतकामाचा कारखाना पुन्हा सुरू झाला होता. तिथल्या छोट्या वर्तमानपत्रातल्या बातम्या ती महिनोन् महिने वाचत आली होती. कारखान्याचा भोंगा सोळा वर्षांनी वाजला, तेव्हा लोक रस्त्यावर येऊन उभे राहिले होते. ती बातमी तिने हाफिजला वाचून दाखवली होती. आणि तरी नियमाने तो जिल्हा हिरव्या रेषेच्या बाहेर पडला होता. तिला वाईट वाटले होते, पण आकड्यांपुढे आपले काय चालणार, असे म्हणून ती पुढे गेली होती.

तिने माझी सुई जिल्ह्याच्या कोपऱ्यावर टेकवली आणि सावकाश फिरवली. नदी, रस्ता, शेजारच्या जिल्ह्याची सरळ हद्द, मग सरोवराचा वाकडातिकडा काठ, आणि परत कोपरा. तिने चाक वाचून हिशेब केला. सातशे तीन चौरस मैल. उलट दिशेने फिरवले. सातशे चार.

संगणकाच्या तक्त्यात लिहिले होते चौदाशे बारा.

मृणालिनीने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजले. पुन्हा सातशे तीन. माझ्या तर अंगाला काटा आला. दहा वर्षांत कधी असे झाले नव्हते. मला वाटले, संपलो आपण. चाक वाकले असणार, नाहीतर आकडा जवळजवळ निम्म्यावर कसा येईल?

तेवढ्यात गिरीश सर तिथे आले. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले आणि हसले. "अगं, म्हातारं झालं ते. कुठेतरी आपटलं असेल. खलास! सही कर आणि पाठव."

आपटले असेल, हे शब्द मृणालिनीला लागले. तिने घरी फोन केला. नुपूर नुकतीच शाळेतून आली होती.

"नुपूर, माझ्या डबीला हात लावला होतास का?"

हळूच उत्तर आले, "येस. आय ड्रॉप्ड इट."

"कधी?"

"टू वीक्स बॅक. आय वॉज स्केअर्ड, आई. सॉरी."

"दोन आठवडे? आणि मी उद्याच्या नकाशासाठी त्याच्यावर विसंबून बसले होते!" मृणालिनीचा आवाज चढला. तिने फोन ठेवला. मग मला बाजूला सरकवले आणि पेन उचलले.

मित्रांनो, त्या वेळचे माझे हाल काय सांगू! माझाच भरवसा मला उरला नव्हता. एकीकडे वाटे, मी बिघडलो असेन तर बरेच, निदान नकाशा तरी बरोबर असेल आणि माझ्या पोरीची नोकरी टिकेल. दुसरीकडे आत कुठेतरी माझे चाक म्हणत होते, की मी त्या काठावरून नीट फिरून आलो आहे. पेनाचे टोक कागदापासून बोटभर अंतरावर होते.

मृणालिनीने पेन खाली ठेवले. "हाफिज, एक काम कर. दहा सेंटीमीटर बाजूचा एक चौकोन छापून दे. अगदी नेमका हवा."

"आत्ता? पाच वाजायला आले ताई."

"आत्ताच. हे बिघडलंय की नाही ते एकदा कळू दे मला."

हाफिजने चौकोन छापला आणि चारी बाजूंना स्टीलची पट्टी लावून पाहिली. असा चौकोन मी फिरलो, तर माझ्या चाकाने हजार दाखवायला हवेत. एवढीच माझी परीक्षा. मृणालिनीने सुई कोपऱ्यावर ठेवली. पहिली बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. हाफिज माझ्यावर इतका वाकला होता की त्याचा श्वास मला लागत होता.

"किती?" त्याने विचारले.

"एक हजार एक." तिने उलट फिरवले. "नऊशे नव्याण्णव."

"म्हणजे चालतंय!" हाफिजने टेबलावर थाप मारली आणि मी दचकलो. "म्हातारा ठणठणीत आहे, ताई!"

मला हर्ष झाला, मित्रांनो, नाही कशाला म्हणू? पण मृणालिनीचा चेहरा उतरला होता. मी बरोबर असेन, तर चूक नकाशात होती.

ती पडद्यासमोर बसली. पोर्ट डेलनचा जिल्हा उघडला. जमीन पिवळी, सरोवर निळे, काठ स्पष्ट. काहीच वावगे दिसेना. तेव्हा हाफिज मागून म्हणाला, "पाण्याचा रंग काढून बघा जरा. छापताना मी काढतो, खाली काय काय दडलेलं असतं."

तिने निळा रंग बंद केला. आणि जिल्ह्याची हद्द दिसली. ती काठावर थांबलेलीच नव्हती. ती सरोवरात शिरून, मैलोन् मैल आत जाऊन, पार कॅनडाच्या सीमेला टेकली होती. कायद्याने तिथल्या काठच्या जिल्ह्यांची हद्द तशीच, पाण्याच्या मध्यापर्यंत असते. नकाशांच्या कोठारात दोन प्रकारच्या हद्दी मिळतात, एक कायद्याची आणि एक काठाशी कापलेली. कामगारांची दाटी काढायची तर दुसरी घ्यायला हवी होती. घेतली होती पहिली. पाण्यात कारखाने नसतात आणि माणसेही राहत नाहीत, पण भागाकारात ते सगळे पाणी जमीन म्हणून धरले गेले होते. पोर्ट डेलनची मेहनत अशी पाण्यात बुडाली होती.

"ही हद्द कोणी उतरवून घेतली होती?" हाफिजने विचारले.

"मी," मृणालिनी म्हणाली. "मार्चमध्ये. मीच."

गिरीश सर पुन्हा आले, तोवर तिने सरोवरांच्या काठचे सगळे, म्हणजे अकरा, जिल्हे तपासले होते. त्यांतले चार आत यायला हवे होते. सर उभ्याउभ्याच ऐकत राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर मला खालून दिसत होती.

"उद्या दहाला मीटिंग आहे," ते म्हणाले. "आता सगळं बदलायला किती वेळ लागेल?"

"दोन दिवस. काठचे जिल्हे बदलले की सगळी रेषाच नव्याने आखावी लागेल."

"मग उद्या आहे तेच दाखवू. पंधरा दिवसांनी सुधारित नकाशा म्हणून हळूच पाठवून देऊ. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"ते उद्याच गावं निवडणार आहेत, सर."

"मृणालिनी, मी तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." सरांचा आवाज खरोखर मऊ झाला होता. ते वाईट नाहीत, घाबरलेले होते. "तू उद्या तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न येईल, चूक कोणाची. काय सांगशील? आणि मग नुपूरच्या परीक्षेचं काय? विचार कर."

मृणालिनीने मला डबीत ठेवले आणि ती घरी निघाली. सह्या झाल्या नव्हत्या.

घरी नुपूर रडून डोळे लाल करून बसली होती. मृणालिनीने डबी तिच्यासमोर ठेवली. "हे बिघडलेलं नाही. पडलं त्याचंही काही नाही. पण तू सांगितलं नाहीस ना, त्यामुळे आज याचा खरा आकडा मी खोटा ठरवून टाकला होता. पेन हातात घेतलं होतं मी."

मग तिने सगळे सांगितले. पाणी, हद्द, मार्चमधली आपली चूक, गिरीश सर काय म्हणाले, तेही. नुपूरने गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकले.

"सो," ती शेवटी म्हणाली, "आर यू गोइंग टू टेल देम?"

साधा प्रश्न होता, टोमणा नव्हता. मृणालिनी कुकर लावायला उठली. तांदूळ धुताना ती बराच वेळ नळ तसाच सोडून उभी होती.

गुरुवारी सकाळी दहाला बैठक सुरू झाली. कंपनीकडून ताहेरुन्निसा मॅडम आल्या होत्या. मूळच्या हैदराबादच्या, कमी बोलणाऱ्या आणि समोरच्याला धडकी भरवणाऱ्या. काचेच्या लांब टेबलावर नकाशा पसरला होता आणि मी मृणालिनीच्या पर्समध्ये, तिच्या मांडीवर होतो. गिरीश सरांनी अर्धा तास छान माहिती दिली. मॅडमनी हिरव्या रेषेच्या आत लाल पेनने पहिली खूण केली. मग दुसरी. तिसरीसाठी त्यांचे पेन उचलले गेले, तेव्हा पर्सवरची मृणालिनीची बोटे घट्ट झाली.

"मॅडम, एक मिनिट," ती म्हणाली. "ये नक्शा गलत है."

गिरीश सरांनी डोळे मिटले.

मृणालिनीने मला बाहेर काढले. पोर्ट डेलनचा कागद नकाशावर पसरला आणि ती सुई फिरवायला लागली. माझे सारे आयुष्य मोजणीत गेले, पण इतक्या डोळ्यांसमोर आणि इतक्या शांततेत मी कधी फिरलो नव्हतो. सरोवराचा वाकडातिकडा काठ आला. मी जीव मुठीत धरून रेषा धरून राहिलो. फेरी पूर्ण झाली. तिने चाक मॅडमना दाखवले, तक्त्यातला आकडा दाखवला आणि मग पडद्यावरचा निळा रंग काढून हद्द कुठवर गेली होती तेही दाखवले.

मॅडमनी पडद्यावरच्या हद्दीवरून नजर फिरवली. "ये गलती किसकी है?"

गिरीश सर टेबलाकडे बघत होते.

"मेरी," मृणालिनी म्हणाली. "सरहद की फाइल मैंने ली थी. जाँचनेवाली भी मैं ही थी. कल शाम पता चला."

"कल शाम?" मॅडमनी सरांकडे एकदा आणि तिच्याकडे एकदा पाहिले. काल कळूनही आज तोच नकाशा मांडला गेला होता, हा त्या 'कल'चा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. मग त्यांनी लाल पेनाचे टोपण लावले. "इतवार सुबह आठ बजे. पूरा नया नक्शा." समोरच्या चहाला हातही न लावता त्या निघून गेल्या.

शुक्रवार आणि शनिवार, सुट्टीचे दोन्ही दिवस, मृणालिनी ऑफिसात होती. हाफिज आपणहून आला. येताना घरून कनीजने, म्हणजे त्याच्या बायकोने, दिलेला डबा घेऊन आला आणि जेवायला बसा म्हणून मृणालिनीवर खेकसला. शनिवारी दुपारी गिरीश सरही आले. बाही दुमडून त्यांनी तक्ते तपासायला घेतले. अकराही जिल्हे तिने माझ्याकडून मोजून घेतले, प्रत्येक जिल्हा दोन्ही दिशांनी. माझे चाक तापले होते. रविवारी सकाळी पावणेआठला नवा नकाशा गेला. चार जिल्हे रेषेच्या आत आले होते आणि त्यांत पोर्ट डेलन होते.

कंपनीने शेवटी कोणती गावे निवडली ते आम्हांला ठाऊक नाही, अशा गोष्टी कंपन्या सांगत नाहीत. पण निवडताना पोर्ट डेलन त्यांच्या समोर होते, एवढे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

मृणालिनीचे कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झाले नाही.

पत्र महिन्याभराने आले. डिसेंबरअखेर काम संपणार होते. गिरीश सर वरच्या मजल्यावर दोनदा भांडून आले आणि तारीख मार्चअखेरपर्यंत पुढे ढकलून आणली, म्हणजे नुपूरची परीक्षा इथेच होईल. "यापेक्षा जास्त नाही जमलं," असे म्हणून ते तिच्या टेबलापाशी उगाचच उभे राहिले. मृणालिनीने त्यांना बसायला खुर्ची दिली. मला वाटले होते ती रडेल. ती रडली नाही, पण त्या आठवड्यात तिने खणातले सामान तीनदा आवरले. मला फार वाईट वाटले. मी चुकीचा ठरलो असतो तर तिचे घर इथेच राहिले असते, हा विचार अजूनही मला सोडत नाही. आणि तरीही, मित्रांनो, पुन्हा तीच वेळ आली तर मी सातशे तीनच सांगेन. मला दुसरे काही सांगताच येत नाही.

आता शुक्रवारी सकाळी नुपूर मला मागून घेते. अभ्यासातून अर्धा तास काढते, मलमलीचे फडके मांडीवर घेते आणि शाळेच्या पुस्तकातल्या नकाशांभोवती मला फिरवते. परवा तिने कतार मोजले. एकदा सरळ, एकदा उलट. दुसऱ्या वेळी तिचा हात सटकला आणि आकड्यात चांगला फरक आला. तिने एकदा आईकडे पाहिले. आई ओट्यापाशी पाठमोरी होती, तिला काही दिसले नव्हते. नुपूरने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि दुसऱ्यापुढे लिहिले, 'माय हँड स्लिप्ड'.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणीतरी असेल. आजोबांचे घड्याळ, शिवणाचे मशीन, एखादा जुना तराजू. त्यांना पुसत जा, ओल लागू देऊ नका, चहाचा कप लांब ठेवा. आणि कधी तुमच्या हातून ते पडले, तर घाबरून झाकण लावू नका. त्याच दिवशी सांगा. घरचे रागावतील, तर रागावू द्या. आम्हांला बोलता येत नाही. आम्ही पडलो, हे तुम्हीच सांगायचे असते.